बोलावल्याशिवाय न येणारं कार्ड

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक जुना लॅपटॉप आहे. जाडजूड, वजनदार, बिजागरीपाशी बारीक चीर गेलेला. तुम्ही त्यात लिनक्स टाकलंय, कारण आधीची सिस्टीम सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. आता तुम्हाला त्यावर एक खेळ खेळायचाय. ट्रक चालवायचा खेळ. डोंगरातला रस्ता, मागे लाकडाचे ओंडके, समोर धुकं. तुम्ही मोठ्या हौसेने सुरू करता, आणि ट्रक चालतच नाही. कुणीतरी मागून ढकलल्यासारखा सरकतो. एक चित्र दिसतं, थांबतं, मग दुसरं. वळण दिसेपर्यंत तुम्ही दरीत पोचलेले असता.

ज्याने लॅपटॉप दिला त्याने तर सांगितलं होतं की यात ग्राफिक्सचं वेगळं कार्ड आहे. तुम्ही सेटिंग्ज उघडता. तिथे एकच नाव आहे, प्रोसेसरच्या पोटात असलेल्या साध्या चिपचं. तुम्ही शोधून कार्डाचा नवा कोरा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, टाकता. ड्रायव्हर म्हणतो, चालवण्याजोगं कार्डच सापडत नाही. शेवटी तुम्ही स्क्रू काढून लॅपटॉपचं मागचं झाकण उघडता. आत एक खाच आहे. रिकामी.

आता सांगा, तुम्ही काय समजाल?

माझे काका जे समजायचं ते समजले. नुसतं समजले असते तर एक वेळ चाललं असतं. त्यांनी ते भरल्या पंगतीत बोलून दाखवलं.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कंपनीतले लोक त्यांना 'खालीवर' म्हणतात. हे नाव त्यांना इतकं चिकटलंय की नव्या साहेबाने एकदा हजेरी घेताना तेच पुकारलं आणि काका 'हजर' म्हणून मोकळे झाले. उंची बेताची, खांदे रुंद, आणि हात असे की त्यांच्यापुढे साबणाने कधीच हार मानलीय. कोणत्याही इमारतीत शिरले की बटण दाबायच्या आधी ते लिफ्टच्या दारावर तळहात टेकवतात, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मावशी म्हणते, "मला बघायला आले तेव्हासुद्धा आधी आमच्या लिफ्टला हात लावून आले. मला वाटलं, पसंती तिचीच सांगतात की काय!"

काकांचा एक विनोद आहे, तो ते सगळ्यांना ऐकवतात. "जगात लिफ्टवाला हा एकच माणूस असा आहे, ज्याला कामावर जाताना लिफ्ट मिळत नाही. चालू असती तर मला बोलावलं कशाला असतं?" विनोद खरा होता आणि गुडघ्यांवर निघाला होता. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून गच्चीवरच्या मशीन रूमपर्यंत जिने चढून चढून गुडघ्याची वाटी झिजली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिना बंद केला, आणि ज्याने आयुष्यात कधी दुपार घरात काढली नव्हती तो माणूस खिडकीत बसून समोरच्या इमारतीच्या लिफ्टचा आवाज ऐकायला लागला. "बेअरिंग गेलंय तिचं," असं ते मावशीला दर तासाला सांगत. मावशी रडकुंडीला आली.

तेव्हा माझ्या बाबांनी त्यांना आपला जुना लॅपटॉप दिला.

बाबा आणि काका साडू. साडूंचं नातं मोठं गमतीचं असतं. भाऊ नाहीत, मित्र नाहीत, पण एकाच घरचे जावई, म्हणून एकमेकांची टिंगल करायचा परवानाच मिळालेला. आमच्याकडे ती टिंगल काका करायचे आणि बाबा ऐकायचे. बाबा कारखान्यात मशीनच्या भागांचे आराखडे काढतात. बोलणं कमी, आणि बोललेच तर मोजपट्टी लावून. लॅपटॉप देतानाही त्यांनी पुसून, चार्जरची वायर नीट गुंडाळून दिला आणि म्हणाले, "यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. मोठे आराखडे स्क्रीनवर फिरवायला घेतला होता. तुमचा खेळ पळेल."

"पळू दे," काका म्हणाले. "जन्मभर वर-खाली केलं साडूभाऊ, आता जरा आडवा जाईन म्हणतो."

लिनक्सचा पेन ड्राइव्ह मी दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, माझ्याकडे असे दोन-चार पडलेलेच असतात. ते टाकायचं कसं हेही मी सांगणार होते, पण काकांनी मला विचारलंच नाही. कुणाला विचारायचं नाही ही त्यांची कामाची रीतच. "माणसांना काय विचारायचं? मशीनला विचारावं. माणसं खोटं बोलतात, मशीन बोलत नाही." त्यांनी मशीनला विचारलं. मशीनने तीन वेळा सांगितलं की कार्ड नाही. एकदा सेटिंग्जमध्ये, एकदा ड्रायव्हरच्या तोंडून, आणि एकदा झाकण उघडल्यावर.

इथे एक शब्द आडवा आला, आणि तो शब्द म्हणजे 'कार्ड'.

लिफ्टच्या मशीन रूममध्ये एक लोखंडी कपाट असतं. त्यात लिफ्टचा मेंदू असतो, आणि तो मेंदू म्हणजे ओळीने खाचांमध्ये उभी खोचलेली सर्किटं. प्रत्येकाला कार्ड म्हणतात. बिघडलं की दोन बोटांनी ओढायचं, दुसरं खोचायचं. काकांच्या लेखी कार्ड म्हणजे खाचेतून निघणारी वस्तू. आणि जी वस्तू निघते ती चोरीलाही जाते. त्यांच्या धंद्यातली सगळ्यात नीच लबाडी हीच: चांगलं कार्ड हळूच काढून न्यायचं आणि वर म्हणायचं, मी तर हातही लावला नाही. काकांनी असा एक जोडीदार उभ्या हयातीत एकदाच पकडला होता आणि त्यानंतर त्याच्या हातचा चहासुद्धा घेतला नव्हता.

त्यामुळे रिकामी खाच दिसल्यावर त्यांना वेगळं काही सुचणारच नव्हतं. त्यांनी अंगठा खाचेशी धरून फोनवर फोटो काढला.

ऑपरेशननंतर हाती आलेली काकांची काठी सुटली म्हणून आईने रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. सगळे म्हणजे मावशी, काका, आम्ही तिघं, आणि बाबांच्या कारखान्यातले साहेब. साहेबांची बदली व्हायची होती, घरचे आधीच पुढे गेले होते आणि ते एकटेच राहत होते, म्हणून बाबांनी त्यांना आग्रहाने आणलं होतं.

बाबांनीच विषय काढला. "काय मग, ट्रक कुठवर पोचला?"

"दरीत," काका म्हणाले.

सगळे हसले. साहेबही.

"इंजिनच काढून घेतल्यावर ट्रक कुठे जाणार?" काका पुढे म्हणाले. "आमचा साडू दिलदार हो साहेब. आख्खी गाडी दिली. इंजिन तेवढं स्वतःकडे ठेवलं."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं. ते अजून हसत होते.

"म्हणजे आता माझ्याच तोंडून वदवणार का?" काकांनी डाव्या हाताने खिशातून फोन काढला, फोटो लावला आणि तो आधी साहेबांपुढे धरला. "ही बघा, रिकामी खाच. कार्ड आहे म्हणून सांगितलं, आणि कार्डाच्या जागी हवा. आमच्या धंद्यात याला एक शब्द आहे, पण जेवताना नको."

साहेबांनी फोटो पाहिला आणि मग बाबांकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत काही वाईट नव्हतं. नुसतं पाहिलं. पण बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. फोटो माझ्यापर्यंत आलाच नाही, आणि त्या कानांकडे बघताना मला दुसरं काही सुचलंही नाही.

बाबांनी फोन घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला. ते आराखडा तपासताना जसं बघतात तसं बघत राहिले. मग फोन काकांच्या ताटाशेजारी ठेवून म्हणाले, "मी काही काढलेलं नाही."

"मग काय, पाय फुटले त्याला?"

"अहो, पुरे," मावशी म्हणाली.

"पुरे काय? मी रागावलोय का?" काकांचा आवाज मऊ झाला, आणि तिथेच सगळं बिघडलं. "घेतलं तर घेतलं. लागलं असेल कशाला. घरातली गोष्ट घरात. नुसतं सांगायचं होतं, मी काय नाही म्हटलं असतं? सोडा, मी मनात ठेवत नाही."

एखाद्याला चोर म्हटलं तर तो भांडू तरी शकतो. चोर ठरवून लगेच माफही करून टाकलं, तर त्याने करायचं काय? बाबांनी घास तसाच ताटात ठेवला. मग आईकडे बघून म्हणाले, "साहेबांना वाढ गं."

आईने वाढलं. साहेबांनी हवेचा विषय काढला. मावशी ताटातून वर बघेना. एकटे काका तेवढे पोटभर जेवले आणि जाताना बाबांच्या पाठीवर थाप मारून गेले.

त्यानंतर भांडण असं काही झालं नाही, झालं असतं तर बरं. बाबा काकांना फोन करीनात. कधी काकांचा आला तर "हो, बरं, ठेवतो" एवढंच. दोघी बहिणी आधी तासन् तास बोलायच्या; आता आई "ताई, गॅसवर दूध आहे गं" म्हणून फोन ठेवायची, आणि गॅसवर काही नसायचं. साहेब बदलीच्या गावी निघून गेले. जाताना ते बाबांशी नेहमीसारखेच बोलले. पण बाबांना ते नेहमीसारखं वाटलं नाही, हे मला घरात बसून कळत होतं.

काका मात्र खुशाल होते. आपण मोठ्या मनाने प्रकरण मिटवलं, असं त्यांना वाटत होतं.

पुढचं मला काकांनीच सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे न बघता गुडघ्यावरच्या टाक्यांच्या खुणेकडे बघत होते.

कामावर रुजू झाल्यावर त्यांना सोपी कामं द्यायचं ठरलं होतं. त्यातलं पहिलंच काम एका जुळ्या लिफ्टच्या इमारतीतलं. अशा इमारतीत दोन लिफ्ट शेजारी शेजारी असतात आणि बटण एकच. बटण दाबलं की जी जवळ असेल ती येते. दुसरी वरच्या मजल्यावर दिवा-पंखा बंद करून उभी राहते, वीज वाचावी म्हणून. लोकांना दाराच्या काचेतून आत अंधार दिसतो आणि ते तक्रार करतात की एक लिफ्ट मेली. काकांनी ही तक्रार शेकड्याने ऐकलीय. तिचं उत्तरही त्यांचं ठरलेलं आहे.

दारातच एक शिक्षिकाबाई भेटल्या. "कधीची मेलीय ती. येतच नाही. कुणीतरी आतलं सामान काढून नेलं असणार, आमच्याकडे वॉचमन असा आहे ना..."

"मेली नाही हो बाई," काकांनी आपलं पाठ उत्तर दिलं, "बोलावली नाही. ही दारात उभी असताना ती कशाला उतरेल? झोपलीय. नेमकं तिलाच बोलवा, बघा कशी येते." आणि त्यांनी किल्ली फिरवून फक्त दुसऱ्या लिफ्टला बोलावलं. दिवा लागला, पंखा फिरला, लिफ्ट खाली आली.

बाई ओशाळल्या. "अगंबाई! आणि आम्ही उगाच त्या बिचाऱ्या वॉचमनवर आळ घेतला."

काका म्हणाले, "ते ऐकलं आणि पोरी, माझ्या पायाखालची लिफ्ट गेली."

ते लिफ्टमध्ये शिरलेच नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसले. बाईंना वाटलं गुडघा दुखतोय, त्यांनी पाणी आणून दिलं. काका पाणी प्यायले आणि तिथूनच त्यांनी मला फोन लावला.

"एक विचारू? लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असले, तर बटण दाबल्यावर कोण येतं?"

मी ऑफिसात होते. प्रश्न विचित्र होता, पण बरोबर होता. "जवळचं येतं, काका. प्रोसेसरमधलं. दुसरं झोपलेलं असतं, बॅटरी वाचावी म्हणून. त्याला नाव घेऊन बोलवावं लागतं."

तिकडून लिफ्टच्या दाराचा आवाज आला.

"आणि ते कार्ड... खाचेत नसतं का?"

"खाचेत? लॅपटॉपमध्ये? ते बोर्डावरच जडवलेलं असतं. काढायचं म्हटलं तरी निघायचं नाही."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने परत आला. "रविवारी येशील? आणि हे बघ, घरी सांगू नकोस."

मी गेले. रागातच गेले, खोटं कशाला बोलू? बाबांचे लाल झालेले कान माझ्या डोळ्यांपुढून हलले नव्हते. मनात दोन-चार वाक्यं तयार करून नेली होती. पण काकांनी दार उघडलं आणि मी ती गिळली. दाढी केलेली नव्हती. शर्टाची बटणं वर-खाली लागली होती.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि फोनवर तोच फोटो.

"यात आहे का ते?" त्यांनी विचारलं. "असलं तर बोट ठेव."

मी ठेवलं. खाचेपासून फार दूर नव्हतंच. "हे तांब्याचं नळकांडं दिसतंय? याचं एक टोक प्रोसेसरवर जातं. दुसरं टोक ज्या चौकोनावर दाबलंय ना, त्याच्याखाली तुमचं कार्ड. गरम होतं म्हणून नळकांड्याने उष्णता पंख्याकडे नेतात. आणि ही तुमची खाच दुसरी डिस्क बसवायची. ती पहिल्यापासून रिकामीच."

फोटोत काकांचा अंगठा त्या चौकोनाला टेकलेला होता.

"काखेत कळसा," मावशी चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, "आणि गावाला वळसा. वळसाही साधासुधा नाही, साहेबांच्या ताटावरून."

"तू गप्प बस," काका म्हणाले. मग लगेच, "नको. बोल. बरोबर बोलतेस."

मी कामाला लागले. मशीनला विचारायचंच तर प्रश्न नीट विचारावा लागतो. टर्मिनल उघडून मी एक छोटी कमांड दिली, बोर्डावर काय काय जोडलंय ते सांगणारी. स्क्रीनवर ओळी धावल्या. त्यात पहिली ग्राफिक्सची ओळ प्रोसेसरमधल्या चिपची. बऱ्याच खाली आणखी एक ओळ होती. मॉडेलच्या नावासकट.

काकांनी ती ओळ मोठ्याने वाचली. पुन्हा वाचली. "म्हणजे पहिल्या दिवसापासून हे हजर म्हणत होतं."

"हो. पण तुम्ही टाकलात तो सगळ्यात नवा ड्रायव्हर. नव्या ड्रायव्हरने इतकी जुनी कार्डं ओळखायचं सोडून दिलंय. म्हणून तो म्हणाला, चालवण्याजोगं कार्ड सापडत नाही. कार्ड नाही असं तो म्हणालाच नव्हता."

"मला तसंच ऐकू आलं."

मी नवा ड्रायव्हर काढला आणि जुन्या कार्डांसाठी वेगळा ठेवलेला ड्रायव्हर टाकला. टाकताना त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला. लॅपटॉप पुन्हा सुरू करताना निळा पडदा आला: या ड्रायव्हरवर विश्वास ठेवायचा का, असं विचारणारा. काका म्हणाले, "हा मागेही आला होता. मी 'पुढे चला' दाबलं."

"'पुढे चला' म्हटलं की तो ड्रायव्हरला दारातच अडवतो. इथे आत शिरून 'हो, ठेवतो' म्हणून सांगायचं आणि तो पासवर्ड द्यायचा."

"म्हणजे विश्वास ठेवतो का विचारत होता," काका म्हणाले, "आणि मी पुढे चला म्हटलं." त्यांनी पासवर्ड स्वतः टाकला, एका बोटाने, एकेक अक्षर.

शेवटचं काम सगळ्यात लहान. खेळाच्या लाँच ऑप्शनमध्ये, म्हणजे तो सुरू करायच्या सूचनांत, एक ओळ लिहायची, की हा खेळ दुसऱ्या कार्डावर चालव. नाव घेऊन बोलावणं ते हेच. मी ती ओळ लिहिली आणि खुर्ची काकांना दिली.

त्यांनी खेळ सुरू केला. आणि मग सवयीने लॅपटॉपच्या कडेला तळहात टेकवला. पंख्याचा आवाज चढत गेला. "गरम होतंय," ते पुटपुटले. "या अंगाला. जागं झालं."

डोंगरातला रस्ता उघडला. ट्रक सरळ, सलग, न अडखळता निघाला. झाडं मागे पळाली. पहिलं वळण आलं आणि काकांनी ते अलगद घेतलं. ज्या वळणावर ते दर वेळी दरीत जायचे तेच. मावशीने टाळी वाजवली. मी काकांच्या तोंडाकडे बघत होते. तिथे आनंदाचा मागमूस नव्हता. त्यांनी ट्रक हळू केला, रस्त्याच्या कडेला घेतला, आणि इंजिन बंद केलं.

"छान पळतोय," ते म्हणाले. "मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला."

मी म्हटलं, "बाबांना फोन लावू का?"

"फोनवर? चारचौघांत तोंड वाजवलं आणि माफी काय कानात मागू?" त्यांनी लॅपटॉप मिटला. "ज्या ताटावर बोललो त्याच ताटावर गिळणार. तुझ्या आईला सांग, पुढच्या रविवारी खालीवर जेवायला येतोय, न बोलावता."

ते आले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. लॅपटॉप बरोबर आणला होता, वायर बाबांनी गुंडाळली होती तशीच गुंडाळून. आईने ताटं वाढली. साहेबांची खुर्ची तेवढी रिकामी होती. काकांचं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

पहिला घास घ्यायच्या आधी ते उभे राहिले. गुडघ्यामुळे टेबलाला धरून उभं राहावं लागलं. "साडूभाऊ, कार्ड आहे. होतंच. मला बोलवता आलं नाही आणि मी तुम्हाला चोर म्हटलं. वर माफ केल्याचा आवही आणला. चुकलो. साहेबांचा नंबर द्या, त्यांनाही सांगतो."

मावशी पदराशी चाळा करत होती. बाबा ताटाकडे बघत होते, आणि त्यांचे कान पुन्हा लाल झाले होते. काकांचे तर मानेपर्यंत. दोन वयस्कर माणसं शाळेत उभी केल्यासारखी दिसत होती आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"साहेबांना कशाला?" बाबा शेवटी म्हणाले. "गेले ते. सोडून द्या हो. चालतंय ना? मग झालं. बसा, जेवा."

काका बसले. या वेळी ते पोटभर जेवले नाहीत. एकही विनोद झाला नाही. लॅपटॉप परत द्यायचा त्यांचा विचार होता. बाबांनी तो मुकाट्याने त्यांच्याच पिशवीत घातला.

निघताना मी त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेले. मावशी आत आईशी बोलत मागे राहिली होती; खूप दिवसांनी दोघींचं बोलणं संपत नव्हतं. काकांनी दारावर तळहात टेकवला, पण बटण दाबलं नाही.

"तुझ्या बाबांनी त्या दिवशी फोटो मोठा करून बघितला होता," ते म्हणाले. "आठवतं?"

"हो."

"दर वर्षी लॅपटॉप उघडून पंखा साफ करायचे ना ते? म्हणजे आत काय कुठे आहे ते त्यांना पाठ असणार."

"असणारच."

"मग त्यांना फोटोत कार्ड दिसलं होतं. माझ्या अंगठ्यापाशी. तिथे बोट ठेवलं असतं, तर साहेबांसमोर मीच तोंडघशी पडलो असतो, आणि त्यांच्यावरचा आळ तिथल्या तिथे गेला असता. का नाही ठेवलं?"

मी सांगितलं की हे मी आत्ता जेवणानंतर बाबांना विचारलं, आणि ते म्हणाले, त्या दिवशी जेवण गार होत होतं.

काका हसले नाहीत. "ते उत्तर नाही, पोरी. त्यांनी मला सांभाळून घेतलं असेल, तर ते ओझं मी उचलीन. पण याच्याशी काय बोलायचं, असं वाटून गप्प बसले असतील तर?" त्यांनी बटण दाबलं. वरच्या मजल्यावरून लिफ्ट निघाल्याचा आवाज आला. "आज म्हणाले, सोडून द्या. तेव्हाही त्यांनी सोडूनच दिलं. मला एवढंच कळू दे. त्यांनी विषय सोडून दिला, की मला?"